खिळा, खोबरेल आणि एक पोकळ पिन

माझ्या पिस्तुलाला खोबरेल तेल लावलं गेलं ते खंडेनवमीला, आणि लावणारे दोघंही इंजिनिअर होते. हे आधी सांगितलेलं बरं, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "घरात कुणी शिकलेलं नव्हतं का?" शिकलेलेच होते. म्हणून तर मला विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

पिस्तूल म्हटलं की आपल्याकडच्या बायका डोळे मोठे करतात, म्हणून तेही सांगून टाकते. ते हवेचं पिस्तूल होतं. बाजूची दांडी एकदा ओढायची म्हणजे आत हवा दाबली जाते. मग तुरीच्या दाण्याएवढी शिशाची गोळी घालायची आणि दहा मीटरवरच्या कागदावर मारायची. इथे इंग्लंडात दुसऱ्या जातीचं पिस्तूल साध्या माणसाला घरात ठेवता येत नाही, आणि मला ठेवायचंही नव्हतं. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवली होती. त्यानंतर डेंटिस्ट्री, लग्न, इंग्लंड, इथल्या परीक्षा आणि लोकांचे किडलेले दात. चाळिशी उलटून बरेच दिवस झाल्यावर मेडनहेडमध्ये घराजवळच एक शूटिंग क्लब असल्याचं कळलं, आणि मी जायला लागले. नवऱ्याला वाटलं, योगासारखं असेल. दोन महिन्यांत सुटेल.

सुटलं नाही. दोन-तीन वर्षांनी क्लबच्या संघात मला जागा मिळाली. चार जणांचा संघ, हिवाळ्यातली लीग, आजूबाजूच्या गावांतले क्लब. जगाच्या दृष्टीने याला काडीची किंमत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या वयात कुणी माझ्याकडे बघून "तू हवीस" असं म्हटल्याला बराच काळ लोटला होता. पेशंट म्हणतात, पण त्यांचा दात दुखत असतो.

माझी जागा गेली तर ती कुणाला मिळणार तेही ठरलेलं होतं. क्लबमध्ये एक निवृत्त विमा एजंट होता. तो हॉलमध्येही डोक्यावरची टोपी काढायचा नाही, म्हणून मी घरी त्याला टोपीवाला म्हणायची. तो राखीव खेळाडू. माझी निवड झाली त्या दिवशी त्याने माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "छान झालं, लव्ह. संघात एक बाई असली की बरं दिसतं." लव्ह हे इथले म्हातारे कुठल्याही बाईला म्हणतात. माझे गुण त्याच्यापेक्षा सातत्याने जास्त होते. ते बोर्डावर लावलेलेही होते. पण बोर्ड वाचायला टोपी थोडी वर करावी लागली असती.

तर खंडेनवमी. सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात होते, आणि खंडेनवमीला तिथे सगळी यंत्रं पुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू लावून त्या दिवशी बंद ठेवायचे. ही प्रथा नवऱ्याने इंग्लंडात आणली. आमच्याकडे लेथ नसल्यामुळे पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, ड्रिल मशीन आणि मिक्सर बसायचे. त्या वर्षी हाउन्सलोहून धाकटे दीर आले होते. ते विमानतळावर मालवाहतुकीच्या कंपनीत, पण मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांच्यात आणि माझ्यात ‘इंजिनिअर’ या एका शब्दावरून कायम चकमक. मी संध्याकाळी दवाखान्यातून आले तर पाटावर, गार्डन सेंटरमधून आणलेल्या झेंडूच्या मधोमध, माझं पिस्तूल.

"कपाटाची किल्ली कुणी दिली?"

"मीच घेतली," नवरा म्हणाला. "अगं, घरात खरं आयुध एकच आहे. ते सोडून मिक्सरची पूजा करायची म्हणजे आयुधपूजेचा अपमान आहे."

नळीवर कुंकवाची बोटं ओढलेली, मुठीवर हळद, वर अक्षता. मी फडकं आणलं आणि जेवायच्या आधी सगळं पुसलं. फुलाने शिंपडलेलं पाणीही टिपून घेतलं. तेव्हा नवरा म्हणाला होता, "थोडं तेलही लावलंय हं." मी समजले, बाहेरून. शिवणयंत्राचं तेल कपाटातच असतं, ते असेल. तेल कुठलं आणि कुठे, हे दोन प्रश्न मी विचारले नाहीत, कारण समोर पुरणपोळ्या होत्या आणि मी सकाळपासून उभी होते.

पुढे थंडी पडली. आमच्या क्लबचा हॉल म्हणजे एरवी स्काउटची पोरं जमतात ती पत्र्याच्या छपराची खोली. तिथला हीटर आवाज करतो, ऊब देत नाही. खंडेनवमीनंतर मी पहिल्यांदाच सरावाला गेले त्या संध्याकाळी पहिली गोळी मारली आणि ट्रिगर मागे गेला तो पुढे आलाच नाही. श्रीखंडात रुतलेल्या चमच्यासारखा तिथेच उभा राहिला. बोटाने ढकलला तेव्हा आळसावल्यासारखा परतला. पुन्हा तेच.

मी पिस्तूल रिकामं केलं, आत हवा नसल्याची खात्री केली, टेबलावर ठेवून टॉर्चने फटीत पाहिलं. आत काहीतरी पांढरं, पिवळसर छटेचं. नाक जवळ नेलं.

शेजारच्या लेनमधून टोपीवाल्याने हवा हुंगली. "कुणी सनक्रीम लावलंय का? सुट्टीवर निघालाय की काय, लव्ह? बाहेर दव गोठलंय."

इंग्रजांच्या डोक्यात नारळाचा वास म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचं सनक्रीम. माझ्या डोक्यात तो वास म्हणजे शाळेत जाण्याआधीची घट्ट वेणी. दोघांनाही एकाच क्षणी कळलं की हा वास पिस्तुलातून येतोय. तो हसला. मी हसले नाही.

खोबरेल पुण्यातही डिसेंबरात बाटलीत थिजतं. बाटली उन्हात ठेवायची, हे कुठल्याही शेंबड्या पोराला माहीत असतं. इंग्लंडात तर ते वर्षातले बहुतेक दिवस थिजलेलंच असतं. आमच्या बाथरूममधली बाटली रेडिएटरवर ठेवावी लागायची. आणि ती बाटली रेडिएटरवरून उचलून, तेल पातळ असतानाच, या दोघांनी ते ट्रिगरच्या सांध्यात सोडलं होतं.

आमची कॅप्टन म्हणजे निवृत्त सुईण. सत्तरीची, शब्द मोजून खर्च करणारी; स्वतः आता खेळत नाही, फक्त संघ निवडते. ती आली, तिने पाहिलं.

"दुरुस्त होईल?"

"होईल."

"पुढच्या गुरुवारी सामना आहे. नाही झालं तर मला त्याला घ्यावं लागेल." तिने टोपीच्या दिशेने मान हलवली. "मला घ्यायचं नाहीये. पण घ्यावं लागेल. आणि एकदा घेतला की सीझनभर काढता येणार नाही, तो कमिटीकडे जाईल."

क्लबची पिस्तुलं होती, पण त्यांच्या मुठी पुरुषी पंजाच्या. माझ्या हातात ती बादलीच्या कडीसारखी वाटायची. बंदुका दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ख्रिसमसनंतर आणा. म्हणजे घरीच.

काम तसं छोटं. ट्रिगरचा भाग पिस्तुलाच्या अंगात दोन पिनांनी अडकवलेला असतो. एक ठोस, तिच्यावर ट्रिगर फिरतो. दुसरी पोकळ: पोलादी पत्र्याची बारीक गुंडाळी, स्प्रिंगसारखी दाबून भोकात बसवलेली, म्हणून तिला स्प्रिंग पिन म्हणतात. दोन्ही काढायच्या, भाग बाहेर घ्यायचा, धुवायचा, परत बसवायचा. टोपीवाला निघता निघता माझ्या खांद्यापाशी थबकला.

"दोन पिना आहेत ना? खिळा घ्या आणि हातोडी. माझे वडील सैन्यात होते, खिळ्याने तोफ उघडायचे. उगाच दुकानदारांच्या नादी लागू नका."

घरी जेवताना मी हा सल्ला नवऱ्याला सांगितला, मूर्खपणाचा नमुना म्हणून. माझं सांगणं त्याच्या कानात शिरेपर्यंत त्यातला तिरस्कार कुठेतरी गळून पडला असावा. कारण शनिवारी मी अर्ध्या दिवसाचा दवाखाना करून आले, तर स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर माझं पिस्तूल, बाजूला चहाचे दोन कप आणि दोन इंजिनिअर.

"वहिनी, ये ये," दीर म्हणाले. त्यांच्या आवाजातला उत्साह जरा जास्त होता. "सरप्राइज द्यायचं होतं तुला. थोडीशी हलली आहे."

"काय हललं?"

"पिन."

मी दवाखान्याच्या पिशवीतून भिंग लावलेला चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पाहिलं. "पिन हललेली नाही, भाऊजी. तिचं तोंड फाटलंय."

झालं होतं ते असं. दिरांनी कधीतरी रविवारच्या बाजारातून पंचांचा एक सेट आणला होता, प्लास्टिकच्या पाकिटात, प्रत्येकाच्या अंगावर माप छापलेलं. पंच म्हणजे पिन ठोकून बाहेर काढायची पोलादी सळई, एवढंच. त्यांनी त्यातला सगळ्यात बारीक घेतला, पहिल्याच ठोक्याला तो केळीच्या सालीसारखा वाकला, आणि मग नवऱ्याला टोपीवाल्याचे वडील आठवले. खिळा! खिळ्याला टोक असतं आणि ती पिन पोकळ असते. पोकळ पिनेत टोकदार खिळा ठोकला की तो पाचरीसारखा आत शिरतो आणि पिनेचं तोंड कर्ण्यासारखं उघडतो. जितकं जास्त ठोकाल तितकी ती जास्त घट्ट बसते. यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. लाकडात पाचर मारलेली कुणी एकदा पाहिलेली असावी, एवढं पुरे.

"एक जोरात हाणला असता ना, तर निघाली असती," दीर म्हणाले. "दादा घाबरला."

"मी घाबरलो नाही. मी म्हटलं, हिला विचारू."

"कधी म्हणालात? तोंड फाटायच्या आधी की नंतर?"

नवऱ्याने चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी तो प्यायला.

"वहिनी, तू पण ना," दीर म्हणाले. "तेल ते तेल. व्हिस्कॉसिटीचा थोडा इश्यू झाला, मान्य. पण पूजेच्या वेळी शिवणयंत्राचं तेल संपलेलं होतं, आणि बाबा म्हणायचे, तेलाशिवाय शस्त्राची पूजा पूर्ण होत नाही."

"बाबा लेथला खोबरेल चोपडायचे?"

"बाबांना मध्ये आणू नकोस."

"मी नाही आणलं. तुम्हीच आणलंत, पाटावर बसवलंत आणि वर खिळा ठोकलात."

माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. दात निघत नसेल तर ताकद वाढवायची नाही. हत्यार बदलायचं किंवा दिशा बदलायची. ताकद वाढवणाऱ्याच्या हातून मूळ आत तुटतं, आणि मग ते काढायला दुसरा कुणीतरी लागतो. दात काढायच्या चिमट्यांचा माझा ट्रे पाहिला की लोक विचारतात, इतके कशाला? वरच्या दाताचा वेगळा, खालच्याचा वेगळा, डाव्या दाढेचा वेगळा. हाच माणूस घरी भाजी कापायला, पाव कापायला आणि सफरचंद सोलायला वेगळी सुरी वापरतो. पण लोखंडाला लोखंड भिडवायचं म्हटलं की त्याच्यात आदिमानव जागा होतो आणि हाताला लागेल ते उचलतो. पुरुषांत हे जास्त असतं असं मी म्हणत नाही. मी फक्त बायकांच्या हातात असा खिळा पाहिलेला नाही.

रविवारी सकाळी मी एकटी बसले. दवाखान्यातला व्हर्निअर आणला होता. दोन्ही पिनांची मापं घेतली, चांगल्या बाजूने. मग दिरांच्या सेटमधले पंचही मोजले. एकाचंही माप अंगावर छापल्याप्रमाणे नव्हतं. पंच पिनेपेक्षा केसभर बारीक हवा: जाड असेल तर भोकाची कड खातो, फारच बारीक असेल तर घसरतो किंवा वाकतो. खोटं माप छापलेला पंच बिनमापाच्या पंचापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर माणूस विश्वास टाकतो. मी सेट पाकिटात परत घातला आणि पाकीट फ्रीजवर ठेवलं, येता-जाता सगळ्यांना दिसेल असं.

सोमवारी दुपारी स्लाउला गेले, औद्योगिक वसाहतीत. तिथे कारखान्यांना हत्यारं पुरवणारं एक दुकान आहे. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी पुरुष नव्हता.

"घरासाठी का? घरासाठी हा सेट छान आहे." त्याने मखमली खाचा असलेली पेटी उघडली. "गिफ्ट म्हणून पण चालतो."

"मला सुटे हवेत." मी कागदावरची मापं पुढे सरकवली. "ठोस पिनेसाठी एक आखूड आणि एक लांब, सपाट तोंडाचे, शेवटपर्यंत एकाच जाडीचे. पोकळ पिनेसाठी एक, तोंडाच्या मधोमध बारीक गुळगुळीत बोंड असलेला. निमुळता कुठलाही नको."

"आखूड आणि लांब दोन्ही कशाला? लांबनेच होईल की."

"पहिला ठोका सगळ्यात जड असतो. लांब बारीक पंच त्याला वाकतो. आखूडने पिन जागची हलवायची, मग लांबने बाहेर न्यायची."

त्याने मान डोलावली, जणू हे तोच सांगणार होता. पंच आणले. मी पिशवीतून भिंगाचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. रांगेत मागे उभा असलेला एक माणूस खोकला. बोंडाचं महत्त्व असं, की ते पोकळ पिनेच्या भोकात अलगद बसतं आणि बाकीचा सपाट भाग पिनेच्या काठावर समान टेकतो, म्हणून पिन फाटत नाही. पहिल्या पंचाचं बोंड एका बाजूला सरकलेलं होतं.

"हा वाकडा आहे."

"मॅडम, हा कारखान्यातून आलाय."

"कारखान्यातूनच वाकडा आलाय. दुसरा द्या."

दुसराही तसाच. तिसरा सरळ. त्याबरोबर पितळी डोक्याची छोटी हातोडी घेतली आणि नायलॉनचा एक गोल ठोकळा, ज्यात भोकं असतात. पिस्तूल त्यावर टेकवायचं म्हणजे पिनेला खाली पडायला जागा मिळते. तो माणूस बिल करताना म्हणाला, "नवऱ्याला आवडेल." मी म्हटलं, "नवऱ्यापासून लपवून ठेवणार आहे." त्याला तो विनोद वाटला.

घरी नवऱ्याने टेबलावरची मांडणी पाहिली. "एक पिन काढायला एवढं सामान?"

"एक पिन अडकवायला तुम्हाला काय काय लागलं? एक तेल, एक सेट, एक खिळा, एक भाऊ."

"तू पितळेची हातोडी आणलीस? आपल्याकडे आईचा पितळी बत्ता होता ना. पितळ ते पितळ."

"मला पिन काढायचीय. वेलदोडे कुटायचे नाहीत."

तरी तो बत्ता घेऊन आला आणि टेबलाच्या कडेला ठेवून गेला, अगदीच लागला तर म्हणून. अशा माणसाशी संसार करताना संताप फार वेळ टिकवून धरता येत नाही. तुच्छतेवर भागवावं लागतं. ती टिकते.

मंगळवारी दवाखान्याला माझी सुट्टी. नवरा ऑफिसला गेला, मी टेबल खिडकीपाशी ओढलं. प्रश्न एकच होता: फाटलेलं तोंड. ते फुगलेलं तोंड भोकातून आत जाणार नव्हतं. दिरांनी रात्री फोनवर सुचवलं होतं की कानशीने घासून टाक. घासताना कानस पिस्तुलाच्या अंगावर ओरखडे काढणार, आणि लोखंडाचा कीस आत थिजलेल्या खोबरेलात जाऊन बसणार. नवऱ्याने सुचवलं होतं की पक्कडीने चेपून टाक. चेपलं की बोंडाला भोक उरणार नाही. दोघंही फाटलेल्या बाजूकडेच बघत होते, कारण ती त्यांनी फाडली होती.

मी पिस्तूल उलटं केलं.

दुसऱ्या बाजूचं तोंड जसंच्या तसं होतं. तिकडून ठोकलं की फुगलेलं तोंड पुढे, म्हणजे बाहेर, जाणार; त्याला भोकातून जायचंच नाही. ही अक्कल कुठून आली असं पुढे दिरांनी विचारलं. कुठून येणार? एका बाजूने न निघणारी वस्तू दुसऱ्या बाजूने बघावी, एवढंच.

आधी हेअर ड्रायर. मंद उष्णतेवर ट्रिगरचा भाग गरम होऊ दिला. थोड्या वेळात फटींतून पातळ, पिवळं तेल ओघळलं, आणि स्वयंपाकघरात चंपीचा वास सुटला. तेवढ्यात नवऱ्याचा ऑफिसातून फोन.

"काय चाललंय?"

"ड्रायरने तेल वितळवतेय."

"मग झालंच की! ट्रिगर फिरतोय?"

"फिरतोय."

"बघ! पिना काढायची गरजच नाही. उगाच एवढं सामान आणलंस."

"गुरुवारी हॉलमध्ये परत थिजेल. मी तिथे ड्रायर लावून नेम धरू?"

तो म्हणाला, मीटिंग आहे. मी फोन ठेवला.

पिस्तूल नायलॉनच्या ठोकळ्यावर टेकवलं, भोकावर भोक. बोंडाचा पंच पोकळ पिनेत बसवला. तो बसला तेव्हा बोटांना कळलं; दाताच्या मुळाशी हत्यार नीट टेकलं की कळतं तसं. हातोडी फक्त मनगटातून. टक. काही नाही. टक. पुन्हा काही नाही. इथेच माणसं ताकद वाढवतात. मी वाढवली नाही. पंच सरळ आहे ना पाहिलं, तो किंचित कलला होता, सरळ केला. टक, आणि आवाज बदलला. बद्द होता तो मोकळा झाला. मग हलक्या हाताने ठोकत गेले आणि पिन ठोकळ्याच्या भोकात पडली, फुगलेलं तोंड पुढे करून, निर्लज्जासारखी. ठोस पिन आखूड पंचाने हलली आणि लांबने आली. बत्ता टेबलाच्या कडेला होता तिथेच होता.

आतलं दृश्य पाहून मात्र हात थांबला. खोबरेलात हळद मिसळली होती, कुंकवाचे कण होते, आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यात एक अख्खी अक्षता. तांदळाचा दाणा! मी तो चिमट्याने काढून बशीत ठेवला, संध्याकाळी दाखवायला. बाकीचं सगळं धुतलं, वाळवलं, जिथे हवं तिथे योग्य तेलाचा एकेक थेंब सुईच्या टोकाने लावला. फाटलेली पिन परत वापरायची नव्हती; त्याच मापाची नवी दुकानातूनच आणली होती, कारण काढताना पिन वाया जाऊ शकते हे मला आधीच ठाऊक होतं. ती बसवली. ट्रिगर दाबला, सोडला. तो तातडीने पुढे आला. पिस्तूल मी त्या रात्री मुद्दाम थंड गॅरेजमध्ये, कुलपाच्या पेटीत ठेवलं. सकाळी पाहिलं. तसाच.

नवऱ्याने बशीतली अक्षता बराच वेळ पाहिली. "ही कशी गेली आत?"

"श्रद्धेने."

गुरुवारी हॉल नेहमीसारखा गारठलेला. टोपीवाला आपली पेटी घेऊन आला होता, हातमोजे काढून बोटं चोळत बसला होता. माझ्याकडे न बघता तो कॅप्टनला म्हणाला, "मी तयार आहे, हं." कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, रिकामं असल्याचं दाखवलं, आणि तिच्यासमोर ट्रिगर दाबून सोडला. दाबून सोडला. पुन्हा. तिने कान देऊन ऐकलं. आयुष्यभर बाळांचे ठोके ऐकलेली बाई होती ती. मग पेन उचललं आणि चौथ्या लेनपुढे माझं नाव लिहिलं.

त्या संध्याकाळी आम्ही थोडक्यात हरलो. माझे गुण संघात दुसरे होते. जिंकलो असतो तर गोष्ट अधिक शोभिवंत झाली असती, पण माझ्या जागेशी जिंकण्याचा संबंध नव्हता. जागा राहिली, सीझनभर राहिली.

सामन्यानंतर चहा पिताना टोपीवाला जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही त्या पिना कशा काढल्या? माझ्या पिस्तुलाची एक जरा अडकलीय. तुमचा तो छोटा पंच एखाद्या दिवसासाठी मिळेल का, लव्ह?"

"खिळा नाही का तुमच्याकडे?" मी विचारलं.

तो टोपी नीट करू लागला. ती नीटच होती. मी पंच दिला नाही. तुमचं पिस्तूल घेऊन या, मी काढून देते, असंही म्हटलं नाही. कॅप्टन कपाच्या मागून माझ्याकडे बघत होती, आणि तिने माझ्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी घरीच थांबले. दीर आले, झेंडू आला. पाटावर लॅपटॉप, किल्ली, ड्रिल, मिक्सर. पिस्तूल कुलपात. त्याच्याऐवजी मी पंचांची लाकडी पेटी झाकण लावून पाटावर ठेवली, म्हटलं, पूजा हिची करा. आयुध हे आहे. नवऱ्याने झाकणावर कुंकवाचं एकच बोट लावलं, कोरडं. अक्षता एक-एक करून, पेटीपासून लांब ठेवल्या. मग हात जोडलेले तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"तेल?"

मी पेटीवर हात ठेवला.

"विचारलं फक्त," तो म्हणाला.